व्हेनिसचा स्प्रिट्झ: सिलेक्टचा मागा, आणि उभ्याने प्या

स्प्रिट्झ म्हणजे वाइन, कडवट मद्य आणि सोडा यांचं बर्फ घातलेलं पेय. पहिला स्प्रिट्झ मला अजिबात आवडला नव्हता, हे आधी सांगते. रियाल्तो पुलाजवळचा कॅफे, बसायला खुर्ची, समोर ग्रँड कॅनाल आणि बिल बारा युरो. ग्लासात बर्फाचे चारच खडे, ते पाच मिनिटांत विरघळले. प्रॉसेको, म्हणजे फसफसती पांढरी वाइन, नावापुरती, सोडा भरपूर. संत्र्याची गोळी पाण्यात विरघळवून दिल्यासारखी चव. जुलैचं ऊन, सकाळपासूनची पायपीट, त्यात हे. मी अर्धा ग्लास तसाच ठेवला.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आता एकदा उभ्याने पिऊन बघ."

ती मला व्हेनिसच्या कान्नारेज्जो भागात घेऊन गेली, ओर्मेसिनीच्या कालव्याकाठी. तिथे ओळीने बाकारो आहेत. बाकारो म्हणजे व्हेनिसचा छोटासा गुत्ता म्हणा हवं तर, पण घरातल्या सगळ्यांनी जावं असा. आत काउंटर, काचेच्या पेटीत चिकेत्ती, म्हणजे छोटे खाद्यपदार्थ, मांडलेल्या आणि माणसं ग्लास घेऊन थेट कालव्याच्या कठड्यावर. काउंटरवाल्याने विचारलं, "आपेरोल, काम्पारी, सिलेक्ट की चिनार?" ही चार कडवट मद्यांची नावं, स्प्रिट्झमध्ये यातलं हवं ते घालून मिळतं. तोवर स्प्रिट्झ म्हणजे एकच नारिंगी पेय, अशी माझी समजूत होती. लेकीने माझ्यासाठी सिलेक्ट सांगितलं.

रंग नारिंगी नव्हे, माणकासारखा लाल. ग्लास काठापर्यंत बर्फाने भरलेला आणि काडीला टोचलेलं मोठं हिरवं ऑलिव्ह. पहिल्या घोटाला गोड, मग संत्र्याच्या सालीचा वास आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडू. पाडव्याला कडुनिंबाचं पान चावल्यावर तोंड कसं स्वच्छ होतं, तसं. फक्त इथे त्या कडूपणामागून बुडबुडे येतात आणि पुढचा घोट हवासा वाटतो. दिवसभर उन्हाने मेलेली भूक दहा मिनिटांत जागी झाली. आपेरितीव्हो, म्हणजे जेवणाआधी घ्यायचं पेय, या शब्दाचं मूळ 'उघडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, हे वाचून ठाऊक होतं. पोटाला कळलं ते त्या कठड्यावर.

सोबत बाकाला मान्तेकातो घेतलं: सुकवलेला कॉड मासा तेल घालून लोण्यासारखा घोटतात आणि पावाच्या तुकड्यावर देतात. सार्दे इन साओर, म्हणजे व्हिनेगर-कांद्यात मुरवलेल्या तारल्या, त्याहूनही चांगल्या. त्यात बेदाणेही असतात. मासळीचं प्रेम असणाऱ्यांनी हे दोन्ही चुकवू नये. स्प्रिट्झ चार युरोला पडला.

दुसऱ्या दिवशी हट्टाने पादोव्हाला गेलो, रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. आपेरोल तिथलं, 1919 सालचं. सिलेक्ट व्हेनिसचं, त्याच्या पुढच्याच वर्षीचं. पादोव्हाच्या पियात्सा देल्ले एर्बेमध्ये सकाळी भाजीबाजार भरतो आणि संध्याकाळी त्याच चौकात विद्यार्थ्यांच्या हातात नारिंगी ग्लास. विद्यापीठ 1222 पासूनचं, त्यामुळे गर्दी तरुणांची. तिथला आपेरोल स्प्रिट्झ मला आवडला. रियाल्तोजवळच्या त्या ग्लासात दोष आपेरोलचा नव्हता, बनवणाऱ्याचा होता. तरी माझं मत सिलेक्टलाच. आपेरोल गोडाकडे झुकतं, काम्पारी थेट कडू. सिलेक्ट बरोबर मधे बसतं.

मुळात स्प्रिट्झमध्ये यातलं काहीच नव्हतं. हा प्रदेश 1866 पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. इथली वाइन त्या लोकांना कडक वाटे, म्हणून ते तिच्यात पाणी शिंपडून घेत. जर्मनमधलं 'शिंपडणे' म्हणजेच स्प्रिट्झ. नुसती पांढरी वाइन आणि सोडा असा साधा स्प्रिट्झ अजूनही मिळतो.

प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे: तीन भाग प्रॉसेको, दोन भाग कडू मद्य, एक भाग सोडा. आधी ग्लास बर्फाने गच्च भरायचा. बर्फात कंजुषी केली की तो लवकर वितळतो आणि सगळं पाणचट होतं. माझ्या पहिल्या ग्लासाचं तेच झालं. एक मात्र सांभाळा. बाटलीतल्या सिलेक्टमध्ये साडेसतरा टक्के अल्कोहोल असतं, आपेरोलमध्ये अकरा, काम्पारीत पंचवीस. गारवा आणि गोडवा यांच्यामुळे ते जाणवत नाही. मला एक ग्लास पुरला, दुसरा मी लेकीबरोबर वाटून घेतला.

व्हेनिसला जाणाऱ्यांनी ग्रँड कॅनालच्या काठावर टेबल धरू नये. दोन गल्ल्या आत जा, काउंटरवरच पैसे द्या, ग्लास बाहेर आणा. टेबलावर बसलं की दर बदलतो. आणि ऑलिव्ह लगेच खाऊ नका. ते तळाशी मुरू द्या. शेवटी खारट, कडू आणि गार असं सगळं एकाच घासात मिळतं.