साखळी कॅफे, स्पेशालिटी कॉफी की हॉटेलातली नेहमीची? मराठवाड्यातल्या कॉफीबाजांसाठी एक तुलना

मराठवाड्यात कॉफी हे दुय्यम पेय आहे, हे आधी मान्य केलेले बरे. परभणीच्या बसस्थानकासमोर असो वा उदगीरच्या मोंढ्यात, हॉटेलात बसल्यावर न विचारता समोर येतो तो चहा. कॉफी मागितली तर ती वेगळी करावी लागते आणि त्यासाठी थोडे थांबावे लागते. म्हणूनच ज्याला रोज कॉफी लागते, त्याच्यापुढचा प्रश्न इथे पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. तिथे एकाच प्रकारच्या पाच दुकानांतून एक निवडायचे असते. इथे, छत्रपती संभाजीनगरचा काही भाग सोडला तर, निवड तीन अगदी भिन्न गोष्टींमधली असते: साखळी कॅफे, कुरिअरने बिया मागवून घरी केलेली स्पेशालिटी कॉफी, आणि गावातल्या हॉटेलात किंवा स्वतःच्या स्वयंपाकघरात होणारी दुधाची कॉफी. या तिघांची तुलना करताना माझे मत सुरुवातीलाच सांगतो. साखळी कॅफे मुख्यतः बसायची जागा विकतो, स्पेशालिटीवाला चव विकतो आणि हॉटेल थोड्या पैशांत ओळखीची तरतरी विकते. एकाकडे दुसऱ्याची वस्तू मागायला गेले की पैसे वाया जातात.

जागा विकण्याचा हा धंदा भारतात फार जुना नाही. कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर निघाले आणि तिथे कॉफीसोबत इंटरनेट मिळत असे. स्टारबक्स टाटांच्या भागीदारीत ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला आले. अशा ठिकाणी एका कॅपुचिनोला साधारण दोनशे ते तीनशे रुपये आणि वर पाच टक्के जीएसटी लागतो. त्या पैशांत थंड हवा, मोबाइल-लॅपटॉपसाठी प्लग, स्वच्छ प्रसाधनगृह आणि दोन तास कोणी उठवणार नाही याची हमी मिळते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून आलेल्या माणसाला ग्राहकाशी शांतपणे बोलायचे असेल, तर ही रक्कम मुळीच जास्त नाही. एकट्या बाईला अर्धा तास पुस्तक वाचत बसायचे असेल, तरीही नाही. आपल्याकडची बहुतेक हॉटेले आणि टपऱ्या अजूनही पुरुषांच्याच आहेत. तिथे बाईने एकटीने चहा पिणे ही बघण्यासारखी गोष्ट ठरते. साखळी कॅफेचा हा फायदा चवीच्या चर्चेत सहसा कोणी मोजत नाही.

चवीचे मात्र वेगळे आहे. साखळीला शेकडो दुकानांत एकच चव द्यायची असते, म्हणून बिया बहुधा गडद भाजलेल्या असतात, कारण गडद भाजणीत मळ्यामळ्यांतला फरक पुसला जातो आणि दूध-सिरपातूनही कडवटपणा जाणवतो. आणखी एक हिशोब लक्षात ठेवावा. काही मोठ्या साखळ्यांत लहान आणि त्याहून मोठ्या कपातही एस्प्रेसोचा, म्हणजे दाबाने काढलेल्या दाट कॉफीचा, एकच शॉट (एक माप) असतो. वाढते ते दूध. कॉफी हवी असेल तर लहान कप घ्यावा किंवा शॉट किती आहेत ते काउंटरवर विचारून घ्यावे. दूध प्यायचे असेल तर ते घरी स्वस्त पडते.

आता हॉटेल. मराठवाड्याचा बराच भाग कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर असल्याने उमरगा, निलंगा, देगलूर या बाजूला दाक्षिणात्य फिल्टर कॉफी मुरली असेल असा बाहेरच्यांचा समज होतो. पण सीमेपलीकडचे बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हेही १९४८ पर्यंत आपल्यासारखेच निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या मुलखाला चहाचे वेड आहे. नांदेडकडे इराणी चहा आला तो हैदराबादकडून. फिल्टर कॉफी इथे आली ती शहरांतल्या उडुपी हॉटेलांतून, आणि जिथे एखादा उडुपी अजून पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये सकाळी ताजे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, काढतो, तिथे तीस-चाळीस रुपयांत मिळणारी कॉफी मी साखळीच्या कॅपुचिनोपेक्षा सरस मानतो. अट एवढीच की सकाळी जावे. संध्याकाळपर्यंत तेच डिकॉक्शन गरम होत राहिले असेल, तर ते जळकट लागते.

इतर हॉटेलांत, तसेच लग्नाच्या मांडवात फुसफुसणाऱ्या मशीनमधून मिळते ती इन्स्टंट कॉफी: पूड, साखर, भरपूर फेस आणि वर चॉकलेटी भुकटी. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही, मात्र आपण काय पितो हे ठाऊक असावे. अनेक लोकप्रिय इन्स्टंट पुड्यांत सुमारे ३० टक्के चिकरी, म्हणजे भाजून दळलेले एक मूळ, असते. चिकरीत कॅफीन नसते. तिने रंग आणि दाटपणा येतो. कॉफी-चिकरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी आणि प्रमाण वेष्टनावर छापलेले असावे असा नियम आहे, तेव्हा पाकीट उलटून वाचण्याइतके कष्ट घ्यावेत. लातूरच्या शिकवण्यांना येणारी मुले रात्री जागण्यासाठी मेसमधून जी कॉफी घेतात, तिच्यात तरतरीपेक्षा साखर जास्त असते.

घरची कॉफी हा प्रकार तर सगळ्यांपेक्षा निराळा: दुधात उकळलेली, जायफळ किसून आणि वेलदोडा घालून केलेली, पाहुण्यांसाठी खास. (जायफळाने झोप येते असे घरोघरी मानतात आणि परीक्षेच्या काळात मुलांना जागे ठेवायलाही हीच कॉफी देतात, या विसंगतीचा उलगडा मला आजवर कोणी करून दिलेला नाही.) या कॉफीत बियांच्या दर्जाला जवळजवळ महत्त्व नसते. महागड्या बिया तिच्यात घालू नयेत, आणि स्पेशालिटीच्या नादात ती बंदही करू नये.

स्पेशालिटी या शब्दामागे एक मोजमाप आहे. प्रशिक्षित परीक्षक ठरलेल्या पद्धतीने कॉफी चाखून शंभरपैकी गुण देतात आणि ८० किंवा त्याहून अधिक गुण मिळालेली कॉफी स्पेशालिटी मानली जाते. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात होते, आणि एकूण उत्पादनाचा मोठा हिस्सा परदेशी जातो. चिकमगळूरजवळच्या डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून लावल्या अशी कथा आहे. त्याच डोंगराच्या बाबाबुडनगिरी अरेबिकाला (अरेबिका ही कॉफीची एक जात) २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, वायनाड आणि अराकूच्या कॉफीसोबत भौगोलिक मानांकन मिळाले. गेल्या दहा-बारा वर्षांत ब्लू टोकाई, थर्ड वेव्ह, सबको अशा कंपन्यांनी मळ्याचे नाव छापून ताजी भाजलेली कॉफी देशातच विकायला सुरुवात केली. त्यांतल्या काहींची आता स्वतःचीच साखळी झाली आहे, हा भाग वेगळा. मराठवाड्यातल्या माणसाला या बदलाचा खरा लाभ त्यांच्या दुकानांतून होत नाही, तर कुरिअरने होतो: हिंगोलीत बसूनही आठवड्यापूर्वी भाजलेल्या बिया मिळू शकतात.

पाकिटावर भाजल्याची तारीख पाहावी. ती नसेल आणि केवळ मुदत संपण्याची तारीख असेल, तर स्पेशालिटीची किंमत देऊ नये. भाजल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात पाकीट संपवावे. दळलेली पूड मागवली तर सुगंध फार लवकर उडतो, म्हणून शक्य असेल तर छोटे हातदळण यंत्र घ्यावे. एवढी तयारी नसेल, तर स्पेशालिटीवर खर्च करण्याची घाई करू नये.

त्याहून मोठे प्रश्न दोन आहेत आणि ते दोन्ही आपल्या भागाचे आहेत. पहिला दुधाचा. आपल्याकडे म्हशीचे दाट दूध आवडते आणि त्यात सहा टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो. हलक्या भाजणीच्या धुतलेल्या (म्हणजे वाळवण्याआधी फळाचा गर धुऊन काढलेल्या) अरेबिकाचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा फळांसारखा नाजूक आंबटपणा. दाट दूध आणि दोन चमचे साखर पडली की तो पार झाकला जातो. सहाशे रुपयांचे पाकीट घेऊन त्याची दुधाळ कॉफी करणे म्हणजे पैठणी नेसून शेण सारवण्यासारखे आहे. ज्यांना दूध सोडवत नाही, त्यांनी मध्यम ते गडद भाजणी घ्यावी, किंवा सरळ चांगली रोबस्टा, ही कॉफीची दुसरी जात. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते आणि तिचा भक्कमपणा दुधातही टिकतो. भारतात पिकते त्यातली बहुतांश कॉफी रोबस्टाच आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि काळ्या कॉफीच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो, कारण कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. मराठवाडा बसाल्टच्या खडकावर वसला आहे. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे, हे किटलीच्या तळाशी जमणारा पांढरा थर पाहिला तरी कळते. अशा पाण्यात कॉफीचा आंबटपणा मरतो आणि चव खडूसारखी सपाट होते. दुसऱ्या टोकाला जारचे किंवा घरच्या आरओचे पाणी असते. त्यातले क्षार इतके कमी असतात की कॉफी एकतर कच्ची, नाहीतर टोकदार आंबट लागते. स्पेशालिटी क्षेत्रात कॉफीसाठी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, दर लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावा असे मानतात, आणि ७५ ते २५० पर्यंत चालतो. आरओ बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडे टीडीएस मोजायचा पेनसारखा मीटर असतो. त्याला यंत्राचा व्हॉल्व्ह फिरवून आकडा दीडशेच्या जवळ आणून द्यायला सांगावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी स्वतः मिसळायचे असेल, तर ते पिण्यायोग्य असल्याची खात्री आधी करावी, कारण आपल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आणि नायट्रेटचा त्रास आहे. ज्या गावात आठवड्यातून एकदा नळ येतो आणि उन्हाळ्यात टँकरवर भागवावे लागते, तिथे आज साधलेली चव पुढच्या आठवड्यात साधेलच असे नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात कॉफीसाठी पाण्याचे चोचले कसले, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. त्या घरात फिल्टर कॉफीच शहाणपणाची, कारण गडद भाजणी, चिकरी आणि दूध मिळून पाण्याचे बरेच दोष पोटात घालतात.

पैशांचा हिशोब सोपा आहे. अडीचशे ग्रॅम स्पेशालिटी बियांचे पाकीट सहाशे रुपयांना धरले आणि एका कपाला १५ ग्रॅम लागले, तर सोळा कप होतात; एक कप सदतीस-अडतीस रुपयांना पडतो. रोज एक कप म्हटले की महिन्याचे अकराशे-साडेअकराशे होतात, म्हणजे साखळीतल्या चार-पाच कपांचे पैसे. चांगली फिल्टर पूड किलोला नऊशे रुपये धरली आणि कपाला १० ग्रॅम वापरली, तर पुडीचा खर्च नऊ रुपये. दूध-साखर धरूनही कप वीसच्या आसपास राहतो. स्टीलचा फिल्टर एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो. हातदळण यंत्र, फ्रेंच प्रेस (जाळीच्या दांड्याने पूड खाली दाबून कॉफी वेगळी करायचे भांडे) आणि वजनकाटा यांना मात्र सुरुवातीलाच काही हजार मोजावे लागतात.

तेव्हा दूध-साखर घालून दिवसात दोन-तीनदा पिणाऱ्याने फिल्टर घ्यावा आणि बाकी सगळे विसरावे. ज्याला काळी कॉफी आवडते, किंवा आवडेल का हे पाहायचे आहे, त्याने आधी एकच पाकीट मागवावे. साखळी कॅफे महिन्यातून जेव्हा बसण्याची गरज पडेल तेव्हासाठी ठेवावा, आणि तिथे कॉफीऐवजी लिंबूपाणी मागवले तरी काही बिघडत नाही, कारण पैसे खुर्चीचे आहेत.

आपल्या शहरांत ‘कॅफे’ अशी पाटी लावलेली नवी ठिकाणेही बरीच झाली आहेत. त्यांतल्या काहींत पडद्याआडचे कप्पे हाच मुख्य व्यवसाय असतो आणि कॉफी नावापुरती. ती या तुलनेत मी धरलेलीच नाहीत. जी प्रामाणिकपणे कॉफी विकतात आणि फलकावर ‘स्पेशालिटी’ लिहितात, तिथे बिया कोणत्या मळ्याच्या, कधी भाजल्या आणि मागणी आल्यावर दळता का, एवढे विचारावे. उत्तर चटकन आणि आनंदाने मिळाले, तर दीडशे रुपये खुशाल द्यावेत. अशा दुकानाला पहिल्या वर्षात गिऱ्हाईक टिकवणे फार जड जाते. उत्तराऐवजी सिरपांची यादी पुढे आली, तर चहा मागवावा.

उन्हाळ्याबद्दल एक सांगायचे राहिले. एप्रिल-मेमध्ये मागवलेले पाकीट कुरिअरच्या तापलेल्या गाडीत दोन-तीन दिवस राहते, म्हणून त्या काळात मोठे पाकीट घेऊ नये आणि नाजूक, हलक्या भाजणीच्या बिया पावसाळ्यावर ढकलाव्यात. याच महिन्यांत कोल्ड ब्रू करून पाहण्यासारखी आहे: जाडसर दळलेली कॉफी आठपट पाण्यात फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास ठेवून गाळली की झाले. तिला गॅस लागत नाही, आंबटपणा कमी असल्याने पाण्याचे दोषही कमी जाणवतात, आणि फ्रिजमध्ये ती तीन-चार दिवस टिकते. वीज फार वेळ जाणाऱ्या गावात मात्र ती रोजच्या रोज लागेल तेवढीच करावी.