हायपोचे खडे, निळे थेंब की प्राइम? नागपूरच्या नळाच्या पाण्यासाठी काय घ्यावे

शोभेच्या माशांच्या दुकानात नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला ‘पाण्याचे औषध’ मागितले की साधारण तीनपैकी एक वस्तू हातात पडते: हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे, अँटीक्लोरीन म्हणून विकले जाणारे निळे थेंब, नाहीतर सीकेम कंपनीचे प्राइम. नागपुरात वर्षभराच्या वापरासाठी हायपो घ्यावा, पावसाळ्यासाठी प्राइमची एक लहान बाटली घरात असू द्यावी आणि निळ्या थेंबांवर पैसे घालवू नयेत. मात्र या तिन्हींच्या आधी ओटी टेस्टचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनच्या थेंबांनी पाण्यातला क्लोरीन रंगावरून ओळखायचे, किट घ्यायला हवे. पाण्यात काय आहे हे कळल्याशिवाय मात्रा ठरत नाही.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. माणसाला त्याने काही होत नाही, पण माशांच्या कल्ल्यांना तेवढाही बाधतो. पेंच आणि कन्हानचे पाणी पावसाळ्यात गढूळ झाले की क्लोरीन वाढवावा लागतो. टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने पडते, त्यामुळे एकाच टँकरच्या दोन बादल्यांतही फरक निघू शकतो. सोसायटीची टाकी ब्लीचिंगने धुतल्यानंतरचे पहिले पाणी तर मत्स्यपेटीत घालूच नये.

ओटी टेस्ट वापरायला सोपी आहे. नळीत पाणी घेऊन थेंब टाका आणि पहिल्या दहा सेकंदांत रंग पाहा. लगेच आलेला पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा असतो. नंतर पाचेक मिनिटांत तो आणखी गडद होत गेला, तर क्लोरीन अमोनियाशी जोडला जाऊन क्लोरामाइन तयार झालेले असू शकते. फुटलेल्या जलवाहिनीत सांडपाणी शिरले तर असे घडते. रंग नारिंगी आला तर क्लोरीन फार जास्त आहे. तपासलेले पाणी मोरीत ओता, मत्स्यपेटीत नको. द्रव विषारी आहे, तो मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता हायपो. दुकानातल्या पुडीपेक्षा प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्यांकडून सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेटची ५०० ग्रॅमची बाटली घ्यावी, म्हणजे आत काय आहे ते लेबलवर कळते. खडे बादलीत अंदाजाने टाकू नयेत, द्रावण करून ठेवावे. १०० ग्रॅम खडे आरओच्या पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर करा. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो लागतो. त्या हिशेबाने १० लिटरच्या बादलीला २ मिली द्रावण, लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन असला तरी, थोडे शिल्लक राहील इतके पुरते. बिनसुईच्या सिरिंजने मोजा, पाणी ढवळा, दोन मिनिटांनी पुन्हा ओटी टेस्ट करा. रंग आला नाही तरच ते पाणी माशांना द्या. पाइपने थेट मत्स्यपेटी भरत असाल, तर मात्रा नव्या पाण्याची नव्हे, पेटीतल्या सगळ्या पाण्याची धरावी लागते.

हायपोला आपला उन्हाळा सोसत नाही. हे खडे ४८ अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतात आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तेवढे तापमान सहज होते. गोळा झालेला हायपो वाया जात नाही, पण वजनाचा भरवसा राहत नाही. द्रावण गडद बाटलीत, थंड जागी ठेवा. ते पांढुरके झाले किंवा तळाशी गंधक बसले की फेकून नवे करा.

हायपोची खरी मर्यादा पुढे आहे. तो क्लोरामाइन तोडतो, पण मोकळा झालेला अमोनिया तसाच पाण्यात राहतो. पीएच ८ आणि पाणी ३० अंश असेल, तर एकूण अमोनियापैकी सुमारे ७ टक्के विषारी रूपात असतो, पीएच ७ ला हेच प्रमाण १ टक्क्याच्याही आत असते. म्हणून बोअरचे पीएच जास्त असलेले पाणी मिसळणाऱ्यांनी अधिक जपावे. इथे प्राइम कामी येते. मात्रा २०० लिटरला ५ मिली, टोपणाचा एक आटा म्हणजे अंदाजे १ मिली. अडचणीच्या वेळी पाचपट मात्रा चालते, असे कंपनी सांगते. अमोनिया बांधून ठेवण्याचा तिचा दावा एक-दोन दिवसांपुरताच आहे, नंतर अमोनिया संपवण्याचे काम फिल्टरमधल्या जिवाणूंनाच करावे लागते. उग्र गंधकी वास हा त्या औषधाचाच असतो, बाटली खराब झाली असे समजू नये. अमोनिया मोजायची किट दोन प्रकारची मिळतात; प्राइमनंतर नेसलर पद्धतीची चाचणी चुकीचा आकडा दाखवते, सॅलिसिलेट पद्धतीची घ्या.

निळ्या थेंबांना नापसंतीचे कारण साधे आहे. लेबलवर द्रव्य आणि तीव्रता नसेल, तर किती थेंब घालायचे ते कशावरून ठरवणार? शिवाय निळा रंग मिथिलीन ब्लूचा असेल, तर फिल्टरमधल्या जिवाणूंना त्रास होतो.

नळाला गटाराचा वास असेल, तर यातले काहीही उपयोगाचे नाही. त्या दिवशी पाणी बदलू नका. माशांचे खाणे दोन-तीन दिवस बंद ठेवा, निरोगी मोठे मासे सहज तग धरतात, शिवाय अमोनियाही कमी तयार होतो. पाणी बदलल्यावर मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर १०० लिटरच्या पेटीत लगेच २० मिली हायपोचे द्रावण घाला आणि हवेचा पंप पूर्ण जोरात ठेवा. तुरटी फिरवून निवळलेले पाणी वापरू नये, तिने पीएच घसरतो.

अशा दिवसांसाठी पेटीच्या चौथाई पाण्याइतका साठा जूनच्या आधीच एका प्लास्टिकच्या ड्रममध्ये करून ठेवा आणि त्यात एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा. ड्रमच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात.