लेकीचं कम्युनिकेशन एड असेसमेंट, एनएचएसचा हब आणि आमची प्रायव्हेट थेरपिस्ट एकत्र: ५ पैकी ४ स्टार

इकडे इंग्लंडमध्ये ओळखीतल्या मराठी आईबाबांकडून हाच प्रश्न येतो, की प्रायव्हेट स्पीच थेरपिस्ट लावली तर एनएचएसवाले (इकडची सरकारी आरोग्यसेवा) हात वर करतात का? नाही करत. २००९ पासूनची सरकारी गाइडलाइनच आहे, वरून पैसे भरून काही घेतलंत म्हणून एनएचएसचा हक्क जात नाही. म्हणून लपवू नका, उलट पहिल्याच फोनला सांगा. फक्त प्रायव्हेट रिपोर्ट दाखवला की मशीन (कम्युनिकेशन एड, म्हणजे बोलता न येणाऱ्याच्या वतीने बोलणारं साधन) हातात पडेल असंही नाहीये, हब, म्हणजे अशी साधनं देणारं एनएचएसचं खास सेंटर, स्वतः तपासतोच.

तर आमची लेक. सेरेब्रल पाल्सी, घरी मराठी शाळेत इंग्लिश, दोन्हीकडचं सगळं कळतं, टोमणेसुद्धा, पण तोंडातून शब्द येत नाही आणि हातावर कंट्रोल नाही, त्यामुळे डोळ्यांनी चालणारं मशीन म्हणजे आय-गेझ ट्राय करायचं होतं. हे स्पेशल हब २०१३ पासून एनएचएसच्या पैशांवर चालतात आणि एड लागणाऱ्यांपैकी साधारण १० टक्केच लोक तिथपर्यंत जातात, बाकीच्यांचं लोकल टीमनेच करायचं असतं. हबचा निकष थोडक्यात असा की मुलाला समजतं किती आणि बोलता येतं किती यात मोठी तफावत हवी, आणि बटण दाबलं की आवाज येतो याच्या पुढची समज हवी. (स्कॉटलंडमध्ये सिस्टीम वेगळी आहे, तिथे २०१८ पासून कायद्यानेच साधन द्यावं लागतं.)

रेफरल लोकल एनएचएस थेरपिस्टने केला, सोबत आमच्या प्रायव्हेट बाईंनी त्यांचा रिपोर्ट आणि घरातले व्हिडिओ जोडले. दोघींनी आपसात बोलावं म्हणून कन्सेंट फॉर्मवर सही लागते, ती लवकर करून टाका, त्याशिवाय कोणी कोणाला फोन पण करत नाही.

असेसमेंटला हबची स्पीच थेरपिस्ट, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बसणं आणि हालचाल बघणारी) आणि क्लिनिकल सायंटिस्ट (मशीनची तांत्रिक बाजू बघणारे) असे तिघं, आणि आमच्या बाई पण खोलीत, खरी किंमत याचीच. सुरुवातीचा बराच वेळ नुसता खुर्चीवर गेला, पाय नीट टेकतायत का, मान कशी राहते, मला वाटलं अरे मशीन कधी काढणार, पण बसणं हललं की डोळ्यांचा नेम हलतो हे तिथे बघून कळलं. कॅमेरा इन्फ्रारेडवर चालतो म्हणून पडदे ओढले. मग स्क्रीनवर चित्रं आली आणि लेक सरळ खिडकीकडे बघायला लागली. हबच्या बाई लिहायला लागल्या, लक्ष टिकत नाही वगैरे. आमच्या बाई म्हणाल्या, थांबा, ती "नको" म्हणतेय, तिचं "नको" असंच असतं आणि "हो" म्हणजे डोळे वर. समोरच्या बाईंना राग नाही आला की काही नाही, पेन खाली ठेवून म्हणाल्या, मला दाखवा. चित्रं बदलली आणि पोरगी खुलली. हे दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसालाच माहीत असणार ना.

पण आमच्या बाई सगळीकडे बरोबर होत्या असंही नाही हां. त्यांना स्क्रीनवर भरपूर शब्द हवे होते, सायंटिस्टने दाखवलं की मान डावीकडे कलते म्हणून उजव्या कोपऱ्यातले चौकोन तिला लागतच नाहीत. मग शब्द तेवढेच ठेवून जास्त पानांवर वाटले, उजवा कोपरा रिकामा.

मराठीचं रेडीमेड त्यांच्याकडे काही नव्हतं, पण दोन्ही टीमचं मत एकच, घरची भाषा पहिल्या दिवसापासून ठेवा. ग्रिड थ्री सॉफ्टवेअरमध्ये बटणाला रेकॉर्ड केलेला आवाज देता येतो. सांगलीच्या आतेबहिणीने, लेकीच्याच वयाची आहे, व्हॉट्सअॅपवर "आजी, इकडे ये", "पुरे आता", "चिडवू नको ना" असं सगळं पाठवलं. शेवटचं बटण सगळ्यात जास्त वाजतं.

एक स्टार का कापला? रिपोर्ट दोन आले, वेगवेगळ्या वेळी, आणि आधी कोणते शब्द शिकवायचे ते दोन्हीत वेगळं, शाळेतली असिस्टंट बिचारी गोंधळली. शेवटी आम्ही मागे लागून दोघींकडून एक पानी कॉमन प्लॅन घेतला. तुम्ही तो त्याच दिवशी खोलीतून निघायच्या आधी मागा.

अजून एक, प्रायव्हेट बाईंच्या त्या दिवसाची फी आणि प्रवास आपल्या खिशातून, आधी विचारून घ्या. मशीन हबचं, लोनवर म्हणजे नुसतं वापरायला दिलेलं, रिपेअर त्यांच्याकडे. नवीन पानं बनवायचं काम आमच्याकडे प्रायव्हेट बाई करतात. मशीन हँग झालं तर कोणाला फोन आणि शब्द वाढवायचे तर कोणाला, हे लिहून शाळेच्या बॅगेत एक आणि फ्रिजवर एक लावून ठेवलंय.