दोरीच्या मल्लखांबाचा वर्ग: पालकांनाही शिस्त लावणारा

माझी 9 वर्षांची लेक आमच्या पेठेतल्या व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब शिकते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात सुती दोर पकडायचा असतो. सुरुवातीला कातडी सोलवटते. शिकवणाऱ्या ताई रोज आधी पाय बघतात, मग सराव ठरवतात. खाली जाड गादी असतेच.

मला सगळ्यात आवडला तो पालकांसाठीचा नियम: बाकावर बसा, टाळ्या वाजवा, पण ‘अजून वर चढ, घाबरू नकोस’ असं ओरडायचं नाही. उंचावर असताना पोरीला एकच आवाज ऐकू यायला हवा, ताईंचा. अगदी पटलं! घरी जाताना चुका उगाळायच्या नाहीत, हेही त्यांनीच बजावलं.

फी माफक. पावसाळ्यात हॉल कोंदट होतो, पंखे वाढवायला हवेत. संध्याकाळची बॅच लवकर भरते.