शहाबादी पायऱ्या, चौदा महिन्यांनंतर: एका रेघेचा हिशेब

गेल्या रविवारी ओटी झाडताना एका फरशीचा तळहाताएवढा पापुद्रा झाडूबरोबर निघून आला. म्हणून आज लिहायला बसलो. नाहीतर हे सगळं मी तिसऱ्या पायरीबद्दल लिहिणार होतो, आणि बरंच वाईट लिहिणार होतो.

शहाबादी म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मी घेतलेला माल असा: ओटीला इंची फरशी, आणि अंगणातून वर यायला पाच पायऱ्या, दीड इंची, पुढची कड गोल करून पॉलिश केलेली. गार लागते, पाय घसरत नाही, खिशाला परवडते. तक्रार होती ती एकाच गोष्टीची.

तिसऱ्या पायरीच्या कडेत, जाडीच्या बरोबर मध्यावर, एक काळपट रेघ होती. सरळ नव्हे, ईसीजीच्या कागदावर असते तशी, वरखाली दाते असलेली. गवंडी बघताक्षणी म्हणाला, "काका, ही इथनंच उकलणार बघा." दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "मालक, दगडाचं अंगच असतं तसं." बदलून द्यायला तयार होता, पण जायची-यायची हमाली माझी, साडेतीनशे रुपये. त्याच्या मालातल्या दोषाचे पैसे मी का भरायचे? नाही भरले. पायरी तशीच बसवून घेतली आणि दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालत राहिलो.

मग रोजचा उद्योग सुरू झाला. रेघेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खुणा केल्या. पाणी ओतून पाहिलं: चीर असती तर बाकी दगड सुकल्यावर तेवढी ओली राहिली असती, पण ती बाकीच्या दगडाबरोबरच सुकली. रुपयाचं नाणं आपटून पाहिलं, आवाज खणखणीत. चौदा महिन्यांत रेघ केसभर सरकलेली नाही. घरचे हसतात, हसू देत.

उलगडा झाला तो गवंड्याच्या चुकीतून. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला त्याने, मला न विचारता, अ‍ॅसिड ओतलं. फरशी फसफसली आणि पॉलिशची वाट लागली. (शहाबादी, कोटा, कडप्पा, कशावरच अ‍ॅसिड वॉश करू देऊ नका. हे सगळे चुनखडीचे दगड, लिंबू सांडलं तरी डाग पडतो.) मात्र कडेवर आजूबाजूचा दगड पांढुरका पडला, आणि ती रेघ होती तशीच काळी, हाताला किंचित वर आलेली लागते. म्हणजे दगड विरघळतो, रेघ विरघळत नाही. इथून पुढे मी वाचायला लागलो.

हा दगड मुळात समुद्राच्या तळावरचा चुन्याचा चिखल. ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त जागा पाण्याचीच असते. वर थरावर थर चढत गेले, तसं ते पाणी पिळून निघालं, आणि कणांच्या फटींत कॅल्साइट जमून सगळं सांधलं गेलं. पाणी मारून क्युरिंग करायला कोणी नसतानाही! आणखी खोल गेल्यावर वरचं सगळं ओझं कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे एकवटतं. तिथला चुना उरल्यासुरल्या पाण्यात विरघळतो आणि सरकून आसपासच्या छिद्रांत पुन्हा बसतो. चिखलातली माती मात्र विरघळत नाही, ती मागे साचत जाते. तीच माझी काळी रेघ. कुठे वरची बाजू जास्त झिजते, कुठे खालची, म्हणून दाते पडतात. नाव स्टायलोलाइट. ओझं वरून येतं म्हणून ही रेघ थराला समांतर, आडवी पडते, आणि शहाबादी तर थरावरच उकलून काढतात. त्यामुळे पायरीच्या तोंडावर, म्हणजे वरच्या सपाट बाजूवर, ती दिसत नाही, कडेवरच दिसते. दुकानात फरश्या उभ्या रचलेल्या असतात, आपण तोंड बघून येतो.

दात्यांची उंची जेवढी, किमान तेवढा दगड तिथून विरघळून गेलेला असतो. मी पट्टी लावली: आठ मिलिमीटर. पैसे दीड इंचाचे घेतले आणि आधीच आठ मिलिमीटर गहाळ, ही तक्रार मात्र दुकानदाराकडे नेली नाही. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा; भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडी त्याच्याही कितीतरी आधीचा, उत्तरेकडे तर तो त्या लाव्ह्याच्या खाली जातो. एवढ्या जुन्या मालाची वॉरंटी कोणाकडे मागणार?

दुकानातला पोरगा म्हणाला होता, "हे मार्बलच समजा." अजिबात समजू नका. मार्बल व्हायला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते, त्यात चुनखडीचे कण पुरते नव्याने घडतात. हा दगड त्याच्या बराच अलीकडे थांबला, म्हणून यात मूळ थर शाबूत आहेत.

आणि तो रविवारचा पापुद्रा त्या थरावरूनच निघाला. आतून पाहिलं तर नखाने खरवडेल असा मातीचा पातळ थर, गुळगुळीत, एकही दाता नाही. पावसाळाभर त्यात पाणी मुरत असणार. माझ्या रेघेत वरचे दाते खालच्या दात्यांत घुसून बसलेत, कवटीच्या सांध्यासारखे. ती पायरी सिलिंडर आदळूनही टिकली. ज्या फरशीकडे मी चौदा महिन्यांत एकदाही वाकून पाहिलं नाही, ती गेली. गवंड्याला दाखवलं, तर म्हणे, "मी त्याच थराबद्दल बोलत होतो." नव्हता बोलत.

आता पुन्हा घ्यायची झाली तर शहाबादीच घेईन, पण प्रत्येक नगाची कड ओली करून बघेन आणि सरळ मातकट रेघ दिसली की बाजूला ठेवेन. पाचपैकी साडेतीन तारे; अर्धा गवंड्याच्या अ‍ॅसिडमुळे कापला, एक पापुद्र्यामुळे. कापलेल्या पायरीचा दोन फुटी तुकडा मागच्या अंगणात पडून आहे, त्यातही दात्यांची रेघ छान दिसते. कोणाला हवा असेल तर फुकट घेऊन जा. हमाली तुमची.