पोलॉक-क्रॅस्नर हाऊस, ईस्ट हॅम्प्टन: इथे चित्रं नाही, जमीन बघायची

कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर रंगाच्या धारा सोडणारा अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक, त्याची मोठी चित्रं बघायची या हिशेबाने लाँग आयलंडच्या टोकाला जाल तर निराश व्हाल. ती न्यूयॉर्कच्या मोमा आणि मेट या संग्रहालयांत आहेत. आधी मेटमध्ये 1950 चं 'ऑटम रिदम' नीट बघा, मग हे घर आहे त्या स्प्रिंग्जला या. उलट क्रमाने गेलात तर निम्मी मजा गेली.

गॅलरी चालवणाऱ्या पेगी गुगेनहाइमने उसने दिलेले 2000 डॉलर आगाऊ भरून पोलॉक आणि त्याची चित्रकार बायको ली क्रॅस्नर यांनी हे घर घेतलं. लग्न 1945 च्या ऑक्टोबरमधलं, इथे राहायला आले नोव्हेंबरात. घर साधंच आहे; पोलॉकच्या जॅझच्या तबकड्या सोडल्या तर तिथे फार वेळ घालवू नका.

खरा ऐवज मागच्या कोठारात, पोलॉक रंगवायचा तिथे. सपाता घालूनच आत सोडतात, कारण पायाखाली असतो तो त्याचाच रंग. 1953 मध्ये दुरुस्ती करताना पोलॉकने जमिनीवर हार्डबोर्डचे चौकोन ठोकले आणि 1947 पासूनचे शिंतोडे आयते झाकले गेले. क्रॅस्नरच्या मृत्यूनंतर, घराचं संग्रहालय होताना ते उचकटले, तेव्हा जुनी जमीन वर आली.

ती वाचायची कशी? आधी सरळ कडा शोधा. कॅनव्हास जिथे संपत होता तिथे शिंतोडे एकदम तुटतात. त्याबाहेर आहे ती निसटलेली धार. 'ऑटम रिदम' सतरा फुटांहून रुंद आणि कोठार जेमतेम एकवीस फुटांचं, म्हणजे बाजूने चालायला किती वाव होता ते उभ्या उभ्या कळतं. कॅनव्हास आडवा, म्हणून रंग खाली ओघळत नाही. रेघ पडेल तिथेच राहते. रंग बहुतेक घरांना मारायचा एनॅमल, हत्यारं म्हणजे काड्या आणि कडक झालेले ब्रश. रंग फार पातळ झाला तर थारोळं होतं. दाट रंग उंचावरून हळू सोडला तर धार वेटोळी घालत पडते. लांब, सलग रेघ हवी तर हात धारेच्या वेगाने चालता ठेवावा लागतो. घरी करून बघणाऱ्यांचं बहुधा इथेच बिनसतं: हात थबकतो आणि रेघेला गाठ येते. 'कुणीही करेल' म्हणणाऱ्याला जरूर बरोबर न्या.

उत्तरेकडची खिडकी मुद्दाम उंच ठेवली आहे: उजेड आत यावा, पण बाहेरच्या खाडीकडे नजर जाऊ नये.

आता मान वर करा. भिंतींवरचा रंग क्रॅस्नरचा आहे आणि तिथे बरेच जण घाई करतात. पोलॉक असेतो ती घराच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत रंगवायची. 'लिटल इमेजेस' मालिकेतली चित्रं एवढीशी आहेत ती त्यामुळेच. 11 ऑगस्ट 1956 ला पोलॉक दारूच्या नशेत गाडी चालवताना गेला, वय 44. त्यानंतर 1957 मध्ये ती कोठारात आली, कॅनव्हास भिंतीवर लावला आणि त्याच वर्षी सुमारे सतरा फुटी 'द सीझन्स' केलं. जागा मिळाली नि चित्र केवढं झालं! एकाच खोलीत दोघांच्या कामाच्या दोन रीती, एक पायाखाली, एक डोळ्यांसमोर. या संग्रहालयाला पूर्ण गुण द्यायचे तर यासाठीच. उणीव एकच: मूळ चित्रं आठवणीत नसतील तर जमीन मुकी वाटते.

उघडं साधारण मे ते ऑक्टोबर, जागा आधी आरक्षित करा. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनहून ईस्ट हॅम्प्टनला रेल्वेगाडीने तीनेक तास, पुढे चार-पाच मैल टॅक्सी. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी मोटारीने येऊ नका, रूट 27 तुंबलेला असतो. दोघांची थडगी जवळच ग्रीन रिव्हर सिमेटरीत आहेत. जायचं असेल तर टॅक्सीवाल्याशी तेवढं आधीच ठरवून घ्या आणि परतीची गाडी हाताशी वेळ ठेवून निवडा.