डेस्कटॉप सपोर्ट: रेसकोर्सवर की आयटी कंपनीत?

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स झाला आहे आणि दोन नोकऱ्यांपैकी एक निवडायची आहे, अशांसाठी हे लिहितोय. एक नोकरी हिंजवडीतल्या सर्व्हिस कंपनीतली. दुसरी मुंबईच्या महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरची, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची. ही दोन्ही मैदानं रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. पासवर्ड रिसेट, आउटलुक, प्रिंटर, नव्या माणसाला मशीन लावून देणं हे दोन्हीकडे सारखंच. वेगळेपण कळतं ते शर्यतीच्या दिवशी.

कंपनीत तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद येते, प्रायॉरिटी लागते, एसएलएचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीचं घड्याळ सुरू होतं. चार तासांची मुदत असेल तर साडेतीन तासांनी सुटलेलं तिकीटही वेळेतच धरतात. बरीचशी कामं रिमोटनं होतात, अडलं तर एल-टूकडे, म्हणजे वरच्या पातळीच्या टीमकडे पाठवता येतं.

रेसकोर्सवर मुदत घोडे ठरवतात. टोटमध्ये, म्हणजे शर्यतीवर पैसे लावण्याच्या क्लबच्या यंत्रणेत, सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमतात, कर आणि क्लबचा वाटा वजा होतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. त्यामुळे शर्यत सुटली की पैसे लावण्याची तिकीटविक्री बंद करावीच लागते, आणि कोणत्या घोड्यावर किती पैसे मिळतील तो भाव लोक बघत थांबलेले असल्यामुळे खिडकीवरची खरी गर्दी शेवटच्या काही मिनिटांतच होते. नेमकं तेव्हा टर्मिनल अडलं किंवा थर्मल प्रिंटरमध्ये कागद अडकला, तर रांगेतल्या माणसाची संधी गेली. दहा मिनिटांनी केलेली दुरुस्ती त्याच्या काही कामाची नाही. म्हणून इथली शिस्त उलटी: आधी मशीन बदला, खिडकी चालू करा, बिघाड का झाला ते नंतर शोधा. स्पेअर मशीन आदल्या दिवशीच तपासून ठेवायचं, यूपीएसवर लोड देऊन बघायचा, शर्यतीच्या दिवशी एकही अपडेट मशीनवर टाकायचं नाही. ही सवय ज्याला लागली तो पुढे हॉस्पिटलात, विमानतळावर, कुठेही उभा राहू शकतो. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे तो यासाठीच.

सुट्ट्यांचं मात्र आधीच घरी बोलून घ्या. मुंबईचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलैपासून, भर पावसात. शनिवार-रविवार हेच मुख्य कामाचे दिवस. इंडियन डर्बी ही मोठी शर्यतही फेब्रुवारीतल्या रविवारी. कंपनीत परदेशी क्लायंटसाठी रात्रपाळी येते, पण ती सहकाऱ्याशी बदलून घेता येते.

पुढच्या वाटचालीत कंपनी सरस आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजर खाती सांभाळणारी), इंट्यून (मशीन दुरून सांभाळणारं), सर्व्हिसनाऊ (तिकिटांचं) ही सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर हाताळायला मिळतात आणि बायोडेटात तेच विचारतात. उलट छोट्या टीममध्ये केबल क्रिंप करण्यापासून स्विच बदलण्यापर्यंत सगळं अंगावर पडतं. शिकायला मिळतं, पण पदं मोजकीच.

धंद्याची स्थितीही बघायला हवी. ‘जुगाराच्या ठिकाणी नोकरी?’ असं घरचे विचारतील. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये ठरवलं आहे. खरी काळजी कराची आहे. लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. एवढ्या करानंतर लोक अधिकृत खिडकीऐवजी बेकायदा बुकीकडे वळण्याचा धोका असतो आणि क्लबचं उत्पन्न त्याच खिडकीवर चालतं.

माझं मत विचाराल तर पहिली नोकरी कंपनीत करा. दोन-तीन वर्षांनी, तिकिटं बंद करण्यापेक्षा यंत्रणा चालू ठेवण्यात जास्त रस आहे असं जाणवलं, तर रेसकोर्सचा विचार जरूर करा. घर जवळ असेल आणि शनिवार-रविवारची अडचण नसेल, तर आजही करा. फक्त मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: पगार क्लब देणार की कंत्राटदार, मोसम संपल्यावर काम आणि पगार चालू राहतो का, आणि कर्मचाऱ्यांनी पैसे लावण्याबद्दल नियम काय आहे. तिसऱ्याचं उत्तर काहीही मिळो, जिथल्या यंत्रांना आपला हात लागतो तिथे स्वतः पैसे लावू नका.